खुशामत न जाणणारा कुंचला : अमृता शेरगिल

व्यक्तिचित्र हा चित्रकलेतील सर्वांत जुना आणि सर्वांत अवघड करार आहे. समोर बसणाऱ्याला आपण आहोत त्याहून थोडे उजळ, थोडे तरुण, थोडे भारदस्त दिसावे असे वाटत असते. आणि चित्रकाराची चूल बहुधा त्या समोरच्याच्याच पैशावर पेटत असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील हिंदुस्थानात तर ज्याला हुबेहूब चेहरा रंगवता येई आणि त्यात थोडे तेज मिसळता येई, त्याला कामाची ददात नसे. संस्थानिकांचे दरबारी महाल, न्यायालयांचे दिवाणखाने, नगरपालिकांची सभागृहे आणि धनिकांच्या पेढ्या अशा चित्रांनी भरलेल्या होत्या. अमृता शेरगिलकडे हे कौशल्य वयाच्या विसाव्या वर्षीच होते आणि त्यावर पॅरिसची मोहोरही उमटलेली होती. तरीही तिने तो सुखाचा मार्ग स्वीकारला नाही. अवघे अठ्ठावीस वर्षांचे आयुष्य, त्यातील जेमतेम बारा वर्षांची कलासाधना, मागे उरलेली पावणेदोनशेच्या आसपास चित्रे, आणि समोरच्या माणसाला खोटे दाखवायचे नाही हा एक निश्चय, एवढ्यावर तिने आधुनिक भारतीय चित्रकलेत जे स्थान मिळवले, ते आजही अबाधित आहे.

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे झाला. तिचे वडील उमरावसिंग शेरगिल हे पंजाबातील मजिठिया घराण्यातील शीख सरदार. संस्कृत आणि फारसीचा व्यासंग, तत्त्वज्ञानाची ओढ आणि छायाचित्रणाचा विलक्षण नाद असलेला हा गृहस्थ जमीनदारीपेक्षा ग्रंथांत आणि कॅमेऱ्यात अधिक रमे. आई मारी आंत्वानेत गोटेसमान ही हंगेरियन गायिका. महाराजा रणजितसिंगांची नात राजकन्या बांबा हिच्या सोबतीने ती हिंदुस्थानात आली, लाहोरला उमरावसिंगांशी तिची भेट झाली आणि १९१२ साली दोघे विवाहबद्ध झाले. अमृताच्या पाठोपाठ १९१४ साली धाकटी बहीण इंदिरा जन्मली. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि हे कुटुंब हंगेरीतच अडकून पडले. अमृताचे बालपण डॅन्यूबकाठच्या दुनाहारस्ती या गावात गेले. उमरावसिंगांनी या काळात बायकोमुलींची आणि स्वतःचीही असंख्य छायाचित्रे काढली. आरशासमोर, कॅमेऱ्यासमोर स्वतःला निरखून पाहण्याची ही घरातली सवय पुढे मुलीच्या हाती कुंचला आल्यावर वेगळ्याच रूपात प्रकटली.

१९२१ साली शेरगिल कुटुंब हिंदुस्थानात परतले आणि सिमल्याला समर हिल येथे स्थायिक झाले. मुलींना पियानो, व्हायोलिन आणि चित्रकला शिकवण्याची सोय झाली. मेजर व्हिटमार्श आणि नंतर हॅल बेव्हन-पेटमन हे तिचे आरंभीचे शिक्षक. १९२४ साली आईने तिला इटलीतील फ्लॉरेन्सच्या एका कॉन्व्हेंट शाळेत घातले. पण तेथील करडी शिस्त तिला मानवली नाही आणि त्याच वर्षी मायलेकी परत आल्या. पुढे सिमल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये, आपला ईश्वरावर विश्वास नाही असे उघडपणे सांगितल्याबद्दल तिला शाळेतून काढून टाकण्यात आले. दहा-बारा वर्षांच्या मुलीचा हा हट्ट म्हणून सोडून देता येईल. पण जे मनात आहे ते बोलण्याची आणि त्याची किंमत मोजण्याची तिची रीत पुढेही बदलली नाही, एवढे मात्र खरे. तिच्यातील चित्रकाराला दिशा दिली ती मामा एर्विन बाक्ताय यांनी. स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या आणि भारतविद्येच्या अभ्यासाला वाहून घेतलेल्या या मामाने तिला एक गोष्ट बजावली : कल्पनेतल्या परीकथा रंगवण्याआधी समोरचे खरे माणूस पाहावे आणि ते काढावे. घरातील नोकरचाकरांना समोर बसवून अमृता रेखाटू लागली. राजे आणि राण्या तिच्या वहीतून निघून गेल्या. मोलकरणी आणि माळी तिथे आले.

मुलीचे गुण पाहून १९२९ साली सारे कुटुंब पॅरिसला गेले. अमृता तेव्हा सोळा वर्षांची होती. आधी ग्रांद शोमिएर या खासगी कलाशाळेत आणि मग फ्रान्सच्या प्रतिष्ठित एकोल दे बोझार या संस्थेत ल्यूसियां सिमों यांच्या हाताखाली तिने शिक्षण घेतले. या वर्षांविषयी बोलताना तिचे सौंदर्य, तिचे मित्रमैत्रिणी, कलावंतांच्या रात्रीच्या मैफली यांचेच वर्णन बहुधा अधिक होते. प्रत्यक्षात ती वर्षे अंगमेहनतीची होती. मानवी शरीराची ठेवण, हाडांवर ताणलेली कातडी, प्रकाशात बदलणारा त्वचेचा रंग, हे सारे तिने समोर माणूस बसवून, पुनःपुन्हा काढून आणि खोडून आत्मसात केले. मित्र बोरिस तास्लित्स्की, मैत्रीण मारी लुईज शासानी, बहीण इंदिरा, आईवडील अशा अनेकांची व्यक्तिचित्रे तिने या काळात केली. आणि सर्वांत जास्त वेळा रंगवले ते स्वतःला.

पॅरिसच्या काळातील तिची आत्मचित्रे दीड डझनाहून अधिक आहेत. एकात ती खळखळून हसते आहे, एकात उदास आहे, एकात चित्रफलकासमोर हात रंगवलेली कामकरीण आहे, तर १९३४ सालच्या एका चित्रात तिने स्वतःला ताहिती बेटावरील स्त्रीच्या रूपात उभे केले आहे. ताहितीच्या स्त्रिया फ्रेंच चित्रकार पॉल गोगँने जगप्रसिद्ध केल्या होत्या. त्याच्या चित्रांत त्या परक्या पुरुषाने पाहिलेल्या होत्या. अमृताच्या चित्रात पाहणारी आणि पाहिली जाणारी एकच आहे. तिच्या मागे एका पुरुषाची सावली पडलेली दिसते, पण ती त्या सावलीकडे पाहत नाही. या सगळ्या आत्मचित्रांत गोंडसपणा कोठेच नाही. जी चित्रकर्ती स्वतःच्या चेहऱ्याची भीड बाळगत नाही, ती इतरांच्या चेहऱ्याची काय बाळगणार?

१९३२ साली तिने ‘तरुण मुली’ हे मोठे तैलचित्र केले. त्यात दोन तरुणी एका खोलीत बसलेल्या आहेत. एकीचा पोशाख नीटनेटका, बैठक आत्मविश्वासाची. दुसरीचे मोकळे सोडलेले केस चेहऱ्यावर ओघळलेले, जणू तिला स्वतःला लपवायचे आहे. पहिली इंदिरा, दुसरी फ्रेंच मैत्रीण देनीज प्रूतो. या चित्राला १९३३ साली पॅरिसच्या सालोंमध्ये सुवर्णपदक मिळाले आणि अमृता त्या संस्थेची सहसदस्य म्हणून निवडली गेली. वीस वर्षांच्या मुलीला, त्यातही आशियातून आलेल्या मुलीला, हा मान मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. मात्र त्याच वर्षीचे ‘व्यावसायिक मॉडेल’ हे चित्र पाहिले की तिची वाट कोणत्या दिशेने वळत होती ते अधिक स्पष्ट कळते. कलाशाळेत तासन्‌तास बसून पोट भरणारी, थकलेली, खंगलेली ती स्त्री अमृताने जशी होती तशीच रंगवली. सुंदर चित्राला सुंदर मॉडेल लागते हा समज तिने तिथेच बाजूला ठेवला.

पॅरिसमध्ये नाव होऊ लागले असतानाच तिला हिंदुस्थानची ओढ लागली. पॅरिसच्या ग्विमे संग्रहालयातील पूर्वेच्या शिल्पांनी तिला वेगळे काही दाखवले होते. गुरू सिमों यांनीही तिच्या रंगांना पश्चिमेच्या करड्या प्रकाशापेक्षा पूर्वेचे ऊनच अधिक मानवेल असे सुचवले होते. वडिलांना मात्र तिचे परतणे काळजीचे वाटत होते. तिचे मोकळे वागणे सरदार घराण्याच्या नातेवाइकांत आणि सिमल्याच्या समाजात कसे चालायचे, याची त्यांना धास्ती होती. तिने ऐकले नाही. १९३४ च्या अखेरीस ती हिंदुस्थानात परतली, साडी नेसू लागली आणि समर हिलच्या घरात चित्रशाळा थाटून कामाला लागली. जिथे यश मिळाले होते ते सोडून जिथे सगळे नव्याने मांडायचे होते तिथे येणे, हा तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आणि सर्वस्वी स्वतःचा निर्णय होता.

परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षातील चित्रांत ‘डोंगरी पुरुष’, ‘डोंगरी स्त्रिया’, ‘भारतमाता’ आणि ‘तीन मुली’ ही चित्रे येतात. ‘भारतमाता’ या नावाने त्या काळी मुकुट ल्यालेली, तेजोवलय असलेली देवी डोळ्यांसमोर येई. अमृताच्या चित्रात आहे ती दोन लेकरांना जवळ घेऊन बसलेली एक गरीब, काळीसावळी शेतकरीण. ‘तीन मुली’ हे चित्र तर आजही पाहणाऱ्याला जागीच थांबवते. अमृतसरच्या नात्यागोत्यातील मुली समोर बसवून ते काढलेले आहे. तिघींच्या अंगावर भडक, उबदार रंगांचे कपडे. मागे काहीही नसलेली भिंत. आणि तिघींच्याही नजरा खाली झुकलेल्या. कोणीतरी कोठेतरी त्यांच्या आयुष्याचा निर्णय घेत आहे आणि त्या तो ऐकण्याची वाट पाहत आहेत, असे ते बसणे आहे. चित्रात अश्रू नाहीत, गाऱ्हाणे नाही. त्या काळच्या लाखो घरांतील मुलींचे हे व्यक्तिचित्र होते. पण ते विकत घेऊन दिवाणखान्यात लावावे असे फारशा कोणाला वाटण्यासारखे नव्हते.

याच काळात सिमल्याच्या कलासंस्थेशी तिचा खटका उडाला. १९३५ सालच्या प्रदर्शनासाठी तिने पाठवलेल्या चित्रांपैकी काही संस्थेने नाकारली आणि जी स्वीकारली त्यांतील एकाला पारितोषिक दिले. अमृताने ते पारितोषिक परत केले. आपली अधिक चांगली चित्रे ज्यांना ओळखता आली नाहीत, त्यांच्या बक्षिसाचे मोल ते काय, असा तिचा रोख होता. सिमल्याच्या छोट्या, बड्या अधिकाऱ्यांच्या जगात असे वागणे म्हणजे आपणहून दारे बंद करून घेणे. तिचा स्वभाव फटकळ होता आणि त्यात तारुण्याचा तोराही होता, हे नाकारण्याचे कारण नाही. बंगाल शैलीच्या भावविवशतेवर आणि पाश्चात्त्य यथार्थवादाची नक्कल करणाऱ्या कलाशाळांवर तिने लेखांतून आणि व्याख्यानांतून कठोर टीका केली. तिने दुखावलेल्या माणसांची यादी तिच्या ग्राहकांच्या यादीहून मोठी झाली.

१९३६ च्या उत्तरार्धात ती दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाली. पहिला मोठा मुक्काम मुंबई. तेथे ताजमहाल हॉटेलात तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरले आणि तेथेच कार्ल खंडालावाला यांच्याशी तिची ओळख झाली. व्यवसायाने वकील आणि भारतीय लघुचित्रांचे मर्मज्ञ असलेल्या खंडालावालांनी तिला राजपूत, पहाडी आणि मुघल चित्रांचे जग उलगडून दाखवले. तिच्या चित्रांतील ताकद ओळखणाऱ्या आणि दोषही स्पष्ट सांगणाऱ्या मोजक्या माणसांपैकी ते एक होते. तिच्या मृत्यूनंतर तिच्यावर पुस्तक लिहून त्यांनी तिचे काम जगापुढे ठेवले.

मुंबईहून ती वेरूळ आणि अजिंठ्याला गेली. मराठी वाचकाला अजिंठा शाळेच्या सहलीपासून परिचित असतो; त्यामुळे अमृताला तेथे काय गवसले हे त्याला सहज उमगेल. त्या अंधाऱ्या लेण्यांत बाराशे-पंधराशे वर्षांपूर्वीच्या अनाम चित्रकारांनी माणसे रंगवली होती ती सावळ्या कांतीची, झुकलेल्या पापण्यांची, ओघवत्या रेषेची. त्यांत छायाप्रकाशाची करामत नव्हती, तरीही ती जिवंत होती. पॅरिसमध्ये शिकलेल्या तैलरंगाच्या तंत्राचा मोह किती सोडायचा आणि आकार किती साधा करायचा, या प्रश्नाशी ती झगडत होतीच. अजिंठ्याने तिला त्याचे उत्तर दिले. चेहऱ्याचा प्रत्येक बारकावा टिपल्याने माणूस कळतो असे नाही. त्याच्या बसण्यात, मानेच्या कलात आणि दोन माणसांमधल्या अंतरातही तो कळतो. यापुढे तिची व्यक्तिचित्रे एकेका व्यक्तीची न राहता तिने पाहिलेल्या जनसमूहाची होत गेली.

पुढे हैदराबाद, त्रिवेंद्रम, कन्याकुमारी, कोचीन असा प्रवास झाला. कोचीनच्या मट्टनचेरी राजवाड्यातील भित्तिचित्रांपुढे बसून तिने रेखाटने केली. या प्रवासात चित्रे विकली जावीत अशीही अपेक्षा होती, कारण पैशांची नड होती. पण हैदराबादच्या नवाब सालारजंगांनी पाहण्यासाठी ठेवून घेतलेली चित्रे परत पाठवली आणि म्हैसूरच्या दरबाराने तिच्या चित्रांऐवजी राजा रविवर्म्याच्या चित्रांना पसंती दिली. हे नकार तिला झोंबले नसतील असे नाही. पण सिमल्याला परतल्यावर १९३७ साली तिने केले ते राजदरबारांना रुचेल असे काही नव्हते. ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिणी खेडूत’ ही दक्षिणेतील तीन मोठी चित्रे तिने त्या वर्षी पूर्ण केली. मातकट तांबडा, पांढरा, काळसर तपकिरी असे मोजके रंग आणि लेण्यांतल्या आकृत्यांसारखी शांत, सपाट, भव्य माणसे त्यांत आहेत. त्याच वर्षी मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीने ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिले. सिमल्याने ज्या प्रतिभेला चुचकारून पाहिले होते, तिची खरी पारख हिंदुस्थानात प्रथम झाली ती मुंबईत, असे म्हणायला हरकत नाही. १९३७ च्या अखेरीस लाहोरला भरलेल्या प्रदर्शनानेही तिला रसिकांची आणि समीक्षकांची मोठी दाद मिळवून दिली.

दिल्लीशीही तिचा संबंध याच काळात जुळला. १९३७ च्या आरंभी येथे तिचे प्रदर्शन झाले आणि पंडित जवाहरलाल नेहरूंशी तिचा परिचय झाला. पुढे दोघांमध्ये पत्रव्यवहारही होता. त्या वेळच्या सर्वांत लोकप्रिय नेत्याचे चित्र काढून प्रसिद्धी मिळवणे तिला सहज शक्य होते. परंतु तिने नेहरूंचे व्यक्तिचित्र केले नाही.

स्वतंत्र वृत्तीची किंमत बाहेरच्या जगापेक्षा घरात अधिक मोजावी लागते. १९३८ साली अमृता हंगेरीला गेली आणि १६ जुलै रोजी तिने आपला मावसभाऊ डॉ. व्हिक्टर एगन याच्याशी विवाह केला. मुलीने श्रीमंत घरात पडावे अशी आईची इच्छा होती. या विवाहाला तिचा तीव्र विरोध होता. ती हंगेरीत असताना सिमल्याच्या घरी आईवडिलांनी तिच्याजवळची जुनी पत्रे जाळून टाकली. मित्रांची, कलावंतांची, जिव्हाळ्याची ती पत्रे कोणाच्या हाती पडून घराण्याची बदनामी होऊ नये, हा त्यांचा हेतू. हे कळल्यावर तिने वडिलांना लिहिलेल्या पत्रात संताप आहे, त्याहून अधिक दुःख आहे. ज्या वडिलांनी तिला वाचायला आणि पाहायला शिकवले, त्यांनीच तिच्या आयुष्याचा एक तुकडा आगीत टाकला होता. तरीही तिने वडिलांशी नाते तोडले नाही. आणि वडिलांनीही तिच्या मृत्यूनंतर तिची चित्रे प्राणापलीकडे जपली. प्रेम असूनही न समजणे आणि न समजूनही प्रेम करणे, हे त्या घरातही इतर घरांसारखेच होते.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या थोडे आधी, १९३९ साली, पतिपत्नी हिंदुस्थानात आली आणि गोरखपूरजवळच्या सराया येथे राहू लागली. मजिठिया कुटुंबाचा तेथे साखर कारखाना होता. व्हिक्टर डॉक्टरकी करत आणि अमृता चित्रे काढत असे. सरायाचा हा काळ वरून शांत आणि आतून कोंडलेला होता. कलेविषयी बोलायला कोणी नाही, चित्रांना गिऱ्हाईक नाही, नातेवाइकांच्या आश्रयाचे ओझे आहे. पण येथेच तिने दुपारच्या निवांत वेळी परसात बसलेल्या, वेणीफणी करणाऱ्या, हळद दळणाऱ्या, झोका घेणाऱ्या, बाजेवर आडव्या झालेल्या स्त्रियांची मालिका रंगवली. ‘हळद दळणाऱ्या स्त्रिया’, ‘झोका’, ‘प्राचीन कथेकरी’, ‘बाजेवर विसावलेली स्त्री’ ही १९४० ची चित्रे. त्यांत बासोली आणि मुघल लघुचित्रांची छोटी, घट्ट बांधणी आहे आणि दाट तांबडा, गर्द हिरवा, पिवळा असे रंग आहेत. बायकांच्या आयुष्यातील जो वेळ कोणाच्या खिजगणतीत नसतो, दोन कामांच्या मधला, कोणीही न पाहिलेला, तो वेळ तिने चित्राचा विषय केला. आजवरच्या चित्रांत स्त्री बहुधा कोणासाठी तरी नटलेली असे. या चित्रांतल्या स्त्रियांना आपल्याकडे कोणी पाहत आहे याचे भानच नाही.

येथे एक गोष्ट न झाकता सांगितली पाहिजे. अमृता सरदार घराण्यातील होती. ज्यांना तिने रंगवले त्यांच्या घरची भूक तिने अनुभवलेली नव्हती. तिच्या आरंभीच्या चित्रांतील दारिद्र्य कधी कधी फार देखणे आणि फार मूक आहे, ही टीका तिच्या हयातीतही झाली आणि नंतरही होत राहिली. त्या टीकेत तथ्य आहे. पण सिमल्यापासून सरायापर्यंतची चित्रे क्रमाने पाहिली तर हे अंतर कमी करण्यासाठी ती किती झटत होती हेही दिसते. आधीच्या चित्रांतली माणसे कणव मागतात; नंतरची मागत नाहीत. ती केवळ असतात, स्वतःच्या जागी, स्वतःच्या वेळात. कोणत्याही कलावंताच्या वाढीचा हा मोठा पुरावा होय.

सप्टेंबर १९४१ मध्ये अमृता आणि व्हिक्टर लाहोरला राहायला गेली. लाहोर तेव्हा लेखक, चित्रकार, पत्रकार यांनी गजबजलेले शहर होते. सरायाच्या एकांतानंतर तिला तेथे मोकळा श्वास घेता आला. डिसेंबरमध्ये प्रदर्शन भरवायचे ठरले आणि ती उत्साहाने कामाला लागली. आपल्या घरावरून दिसणारी घरे आणि आवारातील म्हशी असे एक चित्र तिने सुरू केले. ते अपुरेच राहिले. डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत ती अकस्मात आजारी पडली आणि ५ डिसेंबर १९४१ च्या रात्री तिचा मृत्यू झाला. ठरलेले प्रदर्शन त्याच महिन्यात तिच्या पश्चात उघडले. ज्या भिंतींजवळ ती उभी राहून रसिकांशी वाद घालणार होती, त्या भिंतींवर चित्रे तेवढी होती.

सहा वर्षांनी देशाची फाळणी झाली. लाहोर सीमेपलीकडे गेले. चित्रे मात्र हिंदुस्थानात राहिली. व्हिक्टर एगन आणि उमरावसिंग यांनी तिचा मोठा संग्रह राष्ट्राला दिला. १९५४ साली दिल्लीच्या जयपूर हाउसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय उघडले तेव्हा त्याच्या मुळाशी होता तो अमृताच्या चित्रांचा हा ठेवा. एका अर्थाने, स्वतंत्र भारताच्या आधुनिक कलेच्या पहिल्या घराची पायाभरणी तिच्या कामावर झाली. पुढे पुरावस्तू व कलानिधीविषयक कायद्याखाली रवींद्रनाथ, नंदलाल बोस, जामिनी रॉय आदी नऊ कलावंतांच्या कृती राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झाल्या. त्या नवरत्नांत स्त्री एकच, अमृता शेरगिल. देशातील तिची चित्रे आता कायमची परदेशी विकता येत नाहीत. १९७८ साली तिच्या ‘डोंगरी स्त्रिया’ या चित्राचे टपाल तिकीट निघाले. तिचा भाचा, ख्यातनाम चित्रकार विवान सुंदरम याने तिची पत्रे आणि लेखन संपादित केले आणि आजोबांनी काढलेल्या छायाचित्रांतून नवी कलाकृतीही घडवली.

बाजारानेही उशिरा का होईना, आपला हिशोब मांडला. २००६ साली ‘खेड्यातील दृश्य’ या तिच्या चित्राला दिल्लीतील लिलावात ६ कोटी ९० लाख रुपये मिळाले. २०२३ साली ‘कथेकरी’ या १९३७ च्या चित्राला ६१ कोटी ८० लाख. त्या वेळेपर्यंत भारतीय चित्राला लिलावात मिळालेली ती सर्वाधिक किंमत होती. ज्या चित्रकर्तीची चित्रे नवाबाने परत पाठवली, जिला नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढावे लागले, तिच्या नावाचा रस्ता आज दिल्लीत लोदी उद्यानाशेजारी आहे आणि तो शहरातील सर्वांत महागड्या वस्तीत मोडतो. यातला विरोध तिला नक्कीच गमतीचा वाटला असता.

अमृताच्या वाट्याला आलेली प्रसिद्धी मात्र तिच्यावर थोडा अन्यायही करून गेली. तिचे रूप, तिची प्रेमप्रकरणे, तिचे अकाली जाणे यांच्या कहाण्या इतक्या रंगवल्या गेल्या की तिचे स्वातंत्र्य म्हणजे तिचे बिनधास्त वागणे, असाच समज रूढ झाला. तसे वागणाऱ्या व्यक्ती तिच्या काळात आणखीही होत्या. त्यांची नावे उरली नाहीत. तिचे स्वातंत्र्य तिच्या रोजच्या कामात होते. मिळालेले यश सोडून नव्याने शिकायला बसणे, पैशांची नड असताना ग्राहकाला आवडेल तसे न रंगवणे, शिकलेले तंत्र सत्याच्या आड येऊ लागले की ते टाकून देणे, स्वतःच्या जुन्या चित्रांत उणीव दिसली की पुढच्या चित्रात ती भरून काढणे, ही त्या स्वातंत्र्याची खरी लक्षणे. त्यासाठी लागणारी शिस्त कोणत्याही कॉन्व्हेंटच्या शिस्तीहून कडक होती. फरक इतकाच की ती तिने स्वतःच स्वतःला लावून घेतली होती.

आर. के. पुरमसारख्या वसाहतीत, सरकारी नोकरीच्या बदलीबरोबर आलेल्या कुटुंबांत आणि हिंदी-पंजाबीच्या वातावरणात मराठीतून शिकत वाढलेल्या पिढ्यांना अमृताच्या आयुष्यातील आणखी एक धागा जवळचा वाटेल. ती अर्धी हंगेरियन, अर्धी पंजाबी. घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी, कलाशाळेत तिसरी. आपण नेमके कोठले, हा प्रश्न तिलाही पडलेला होता. जन्माने तो सुटण्यासारखा नव्हता. तिने तो पायपीट करून, अजिंठ्याच्या अंधारात उभे राहून, कोचीनच्या भिंतींपुढे बसून, पहाडी चित्रांतील रंग समजून घेऊन सोडवला. मुळे केवळ वारशाने मिळत नाहीत, ती परिश्रमाने रुजवावी लागतात, हे दिल्लीत राहून मराठी जपणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. आणि एक मूळ रुजवण्यासाठी दुसरे उपटावे लागत नाही, हेही तिच्याकडे पाहून पटते. पॅरिसने दिलेला हात आणि अजिंठ्याने दिलेली दृष्टी तिच्या चित्रांत शेवटपर्यंत एकत्र नांदली.

तिचे काम पाहण्यासाठी दिल्लीकराला दूर जावे लागत नाही. इंडिया गेटच्या परिसरातील जयपूर हाउसमध्ये तिच्या चित्रांचा देशातील सर्वांत मोठा संग्रह आहे. शाळकरी मुलामुलींना तेथे नेताना सनावळी पाठ करून घेण्याची गरज नाही. ‘तीन मुली’ समोर असेल तर तिच्यापुढे थोडा वेळ उभे करावे आणि त्या तिघी कशाची वाट पाहत असतील, एवढे विचारावे. मुलींची उत्तरे मुलांच्या उत्तरांहून वेगळी येतील. आजीची उत्तरे नातीच्या उत्तरांहून वेगळी असतील. नव्वद वर्षांपूर्वी एका बावीस वर्षांच्या चित्रकर्तीने त्या झुकलेल्या नजरा कोणालाही खूश करण्यासाठी वर उचलल्या नाहीत, म्हणून हा प्रश्न आजही विचारता येतो.